पिठाच्या गिरणीवरचा वकील

लग्नाच्या पंगतीत हमखास कुणीतरी माझ्या शेजारी सरकून बसतं, आवाज खाली आणतं आणि म्हणतं, “भाऊसाहेब, आमच्या भाचीचं जरा बिनसलंय. लेकराचा ताबा पाहिजे. एखादा चांगला वकील असला तर सांगा की.”

हे ते मला विचारतात. माझी सगळी हयात कोर्टात गेली, काळा कोट घालून मी त्यांच्याच दारावरून जात-येत राहिलो, तरी ‘चांगला वकील’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच कुणीतरी येतं. आमच्या सौभाग्यवतीला यात काही नवल वाटत नाही. ती जिलेबी वाढता वाढता म्हणते, “बरोबर माणसाला विचारून राहिलेत. चांगला वकील कसा नसतो, ते यांच्याइतकं कुणाला माहीत?”

तेव्हा एका बाईला वकील कसा सापडला, ते एकदाचं लिहूनच टाकतो. तिला मी सापडलो. यावरून तिची वेळ किती वाईट होती, याचा अंदाज वाचकांनी करावा.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. मी मूळचा नांदेडचा. तिथल्या बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, मला बसायला खुर्ची मिळत नसे. मिळाली तर कुणीतरी ज्येष्ठ येऊन ‘उठा जरा’ म्हणत, आणि ते ‘जरा’ संध्याकाळपर्यंत चाले. नवा जिल्हा म्हणजे नवं कोर्ट, नवं कोर्ट म्हणजे नवी कामं, असं गणित मांडून मी बायको आणि कायद्याची जुनी पुस्तकं घेऊन लातूरला आलो. आसपासच्या झाडून सगळ्या रिकाम्या वकिलांनी हेच गणित मांडलंय, हे इथे आल्यावर कळलं. सगळीकडे नव्या पाट्या लागत होत्या. जिल्हा झाल्याचा आदेश पावसापर्यंत मात्र पोचला नसावा. तो आलाच नाही. नवं कार्यालय उघडलं की नारळ फुटायचा आणि त्यातलं पाणी प्यायला गर्दी व्हायची.

माझं कार्यालय पिठाच्या गिरणीवर होतं. खाली हुसेनभाईंची गिरणी, वर माझ्या दोन खोल्या; पुढच्या खोलीत कायदा, मागच्या खोलीत संसार. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि पीठ जिन्यानं वर यायचं. काळा कोट घालून मी खाली उतरेपर्यंत तो राखाडी व्हायचा. माझी पाटी गिरणीच्या पाटीखाली होती, त्यामुळे वर येणाऱ्यांपैकी बहुतेक जण डाळ भरडून मिळते का, हे विचारायला येत. माझी बायको त्यांना खाली पाठवत असे. कायद्याचा सल्ला मागायला आलेला एक जणही तिनं सवयीनं खाली पाठवला. तो परत आला नाही.

ही माझी दुरवस्था सांगितली, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

लातूरच्या बाजारात मन्मथअप्पांची डाळीची आडत होती. वजनदार माणूस, शब्दाचा पक्का, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी बायकोविरुद्ध घटस्फोटाचा अर्ज केला होता. बायको महानंदा, माहेर हदगाव. भांडण कशावरून झालं, ते पुढे दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि मला दोन्ही खरं वाटलं. या धंद्यात असं फार वाटू लागलं तर उपाशी राहायची वेळ येते. एवढं मात्र नक्की, की पंचमीला महानंदा माहेरी गेली. शाळा बुडेल म्हणून मुलगी उमा हिला सासूनं ठेवून घेतलं. महानंदा परत आली तेव्हा दार उघडलं नाही. उमा सात वर्षांची होती. खिडकीतून तिनं हात हलवला, मग कुणीतरी खिडकी लावली.

मुलाचा ताबा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सोपं करून सांगतो. लोकांना वाटतं, लेकरू कुणाचं ते कोर्ट ठरवतं. कोर्ट ते विचारतच नाही. लेकराचं भलं कुठे आहे, एवढंच विचारतं. पाच वर्षांच्या आतलं लेकरू सहसा आईकडे. त्यापुढे दोघांनी आपापल्या घरातलं भलं दाखवायचं. मग ज्यांनी एका छपराखाली वर्षानुवर्षं भांडणं केली, ते आपलं घर कसं गोकुळ आहे, याची प्रतिज्ञापत्रं करतात. आणि अर्ज कुठे करायचा? लेकरू राहतं तिथल्या जिल्हा कोर्टात. म्हणजे हदगावच्या बाईला वकील शोधायचा तो लातुरात.

तिनं शोधला. तिचे भाऊ शाळेत मास्तर होते, त्यांना घेऊन ती एकेका वकिलाची पायरी चढली. पहिल्यानं चहा पाजला आणि सांगितलं, “ताई, अप्पा आमच्याकडं कागद दाखवून गेलेत.” दुसऱ्याने चहा न पाजता तेच सांगितलं. तिसऱ्याकडेही तेच.

कागद दाखवणं ही आमच्याकडची रीत. वकिलासमोर बसून आपली हकिकत सांगायची, कागद दाखवायचे, सल्ला घ्यायचा. ज्याने एका बाजूचं पोट उघडं बघितलं, त्याने दुसऱ्या बाजूनं उभं राहायचं नाही, असा धर्म आहे. रीत चांगली आहे. अप्पांनी तिचा उपयोग व्यापाऱ्यासारखा केला. बाजारात तूर कमी येणार असं दिसलं की जसा सगळा माल आधीच उचलायचा, तसे त्यांनी लातुरातले सगळे वकील उचलले. प्रत्येकाकडे जाऊन कागद दाखवले. प्रत्येक वकिलाला वाटलं, एवढा मोठा आडत्या आपल्याकडेच आला. पहिल्या पेशीला, म्हणजे पहिल्या तारखेला, बारमध्ये आठ-दहा जण अप्पांकडे बघून एकदम उठून उभे राहिले. मग एकमेकांकडे बघून खाली बसले.

एकच माल उचलायचा राहिला होता. हलका म्हणून सोडला नव्हता. तो बाजारात आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

महानंदा लातुरात एका मावशीकडे उतरली होती. मावशीनं ज्वारी दळायला पाठवली. गिरणीत वीज गेली, रांग थांबली, आणि ती डब्यावर बसून रडायला लागली. हुसेनभाईंनी कारण विचारलं. ऐकून घेतल्यावर वर बोट केलं. “ऊपर एक वकील है, बाई. चलता की नै, मालूम नै.”

ती वर आली. मागे मास्तर. मी कोट झटकत होतो, त्यामुळे ती दारात आली तेव्हा मी ढगात होतो.

“तुमच्याकडं अप्पा येऊन गेले का?” तिने उभ्यानंच विचारलं.

“कोण अप्पा?”

तिने नाव सांगितलं. मी म्हणालो, “न्हाई बुवा. कुणीच येत न्हाई.”

ती खाली बसली. जणू पोचली एकदाची. “मंग तुम्हीच,” म्हणाली.

मास्तर व्यवहारी होते. “असलं प्रकरण आधी चालवलंय का तुम्ही?”

“असलं?” मी म्हणालो, “असलं न्हाई.”

“मंग कसलं?”

मागच्या खोलीतून बायको म्हणाली, “कसलंच न्हाई. पण माणूस खोटं बोलत न्हाई, एवढं बघा.” माझ्या वकिलीची एवढी उघड जाहिरात तिने पुन्हा कधी केली नाही.

“खोटं नको,” महानंदा म्हणाली. “माझी पोरगी मला मिळून द्या. दुसरं मला काय बी नको. भांडी नको, पोटगी नको.”

मी सांगितलं, पोटगी सोडू नका. तिने मान हलवली. माझा पहिला सल्ला तिने ऐकला नाही, तो हा.

अर्ज दाखल झाला. अप्पांकडून उभे राहिले नानासाहेब, चष्मा पुसत बोलणारे; इथल्या एकाला नेमलं तर बाकीचे रुसले असते, म्हणून जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणलेले. त्यांनी उत्तर दिलं ते असं, की वाचून मलाच वाटलं, उमा लातूरलाच राहावी. दुष्काळ आहे. हदगावला अर्जदाराच्या माहेरी टँकरची वाट बघत बसावं लागतं. लेकराला तहान लागली तर काय करणार? याउलट अप्पांच्या वाड्यात दोन बोअर, दोन्हींना भरपूर पाणी. लेकराचं भलं म्हणजे आज पाणी. त्या दिवसांत हे कुणालाही पटावं. मागच्याच आठवड्यात माझ्यासमोर एका नवरा-बायकोनं मुलांचं काय ते कोर्टावर सोडून दिलं होतं आणि पाण्याच्या ड्रमवरून मात्र हातघाईवर आले होते.

जज्जसाहेबांनी तूर्त एवढं दिलं, की निकाल होईपर्यंत दर दुसऱ्या रविवारी आईनं मुलीला भेटावं. कुठे? दोघांना मध्यावर पडेल असं ठिकाण सांगा. मी हुशारीनं उठून म्हणालो, “अहमदपूरचं एसटी स्टँड.” लातूर-नांदेड रस्त्याच्या मध्यावर आहेच ते. हदगाव नांदेडच्याही पलीकडे आहे आणि महानंदाला दोन एसट्या बदलाव्या लागतील, हे मला, जन्मानं नांदेडच्या माणसाला, बाहेर आल्यावर तिने सांगितलं. “असू द्या,” म्हणाली. “येईन की.”

पहिल्या रविवारी मीही गेलो. बायको बरोबर होती. तिला पुढे नांदेडला आईकडे जायचं होतं. स्टँडवर उपाहारगृहात चहा घेतल्याशिवाय पाणी देत नव्हते, म्हणून प्रत्येक जण आपली बाटली काखेत धरून बसलेला. महानंदानं मुलीसाठी फिरकीचा तांब्या भरून आणला होता, हदगावपासून मांडीवर धरून. लातूरची गाडी आली. अप्पा उतरले, मागून उमा. डोक्याला रुमाल बांधलेला.

महानंदानं तिला जवळ घेतलं आणि रुमाल सोडला. केस कापलेले होते. अगदी बोटाच्या पेरभर ठेवलेले, तेही वेडेवाकडे. मला वाटलं, उन्हाळा आहे, बरं केलं. महानंदाचा हात डोक्यावरून खाली आला आणि पाठीवर रिकामाच फिरत राहिला. तिथे वेणी असायची, हे मला माझ्या बायकोने नंतर सांगितलं.

“कुणी कापले गं?”

“आजीनं न्हावी बोलावला.”

“कामून?”

उमानं बापाकडे बघितलं. अप्पा गाडीजवळ उभे राहून वेळापत्रक वाचत होते. तिनं तांब्याची फिरकी उघडली. आईच्या तांब्यातलं पाणी प्यायली, आणि उरलेलं परत तिच्या हातात देऊन म्हणाली, “तुला जाताना लागंल.”

परतीच्या वाटेवर मी एकटाच होतो. पण बायकोनं नांदेडच्या गाडीत चढतानाच सांगून ठेवलं होतं, “उवा झाल्या असतील. बघायला कुणी नसंल, मग कापले. हे विचारा कोर्टात.” मला ते एकदम पटलं. उवा म्हणजे हेळसांड. हेळसांड म्हणजे भलं नाही. मी दोन पानं भरून प्रश्न काढले. उवा कशा होतात, याच्यावर वैद्यकीय पुस्तकातून उतारे काढले. इतकी तयारी मी आयुष्यात दुसऱ्या कशाची केली नाही, लग्नाचीसुद्धा.

अप्पांच्या उलटतपासणीचा दिवस आला. कोर्टात पंखा होता, वीज नव्हती.

“तुमच्या घरी दोन बोअर आहेत?” मी सुरुवात केली. हा प्रश्न फक्त घसा साफ करण्यासाठी होता.

“हाव. प्रतिज्ञापत्रात हाय की.”

“उमाचे केस कापले?”

“कापले.”

“तिला उवा झाल्या होत्या, म्हणून कापले. बरोबर?”

अप्पांचा चेहरा बदलला. तोवर ते आडतीवर बसल्यासारखे निवांत होते. “काय म्हणलात?”

“उवा. डोक्यात.”

“वकीलसाहेब, तोंड सांभाळून बोला. आमचं घर हाय ते. बाजारात कुणालाबी विचारा. आमच्या घरात उवा?” ते जज्जसाहेबांकडे वळले. “साहेब, माझी आई सोवळ्याची हाय. आमच्यात ह्या गोष्टी न्हाईत.”

“मग पोरीचे पाठभर केस कामून कापले?”

“अहो, पाणी कुठाय!” अप्पा कठड्यावर हात आपटून म्हणाले. “त्या केसाला बादली-बादली पाणी लागायचं. टँकरचं पाणी पुरवून पुरवून वापरून राहिलो आम्ही. आई म्हणली, काप. उवा म्हून न्हाई कापले. पाणी न्हाई म्हून कापले. लिहून घ्या.”

लिहून घेतलं. कोर्टात टाइपरायटरचा आवाज तेवढा राहिला. नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला.

जज्जसाहेब शांतपणे म्हणाले, “बोअरचं काय झालं?”

अप्पांना आता कळलं. पण शब्दाचा माणूस, खाली मान घालून म्हणाले, “आटलं, साहेब.”

“दोन्ही?”

“दोन्ही बी.”

मला मात्र अजून कळलं नव्हतं. माझ्यापुढे दोन पानं होती. मी म्हणालो, “उवांची अंडी, ज्यांना आपण लिखा म्हणतो, त्या...”

“वकीलसाहेब,” जज्जसाहेब म्हणाले, “खाली बसा. तुमच्याच भल्याचं सांगतो.”

मी बसलो. माझ्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला विजय मला असा, बसायला सांगितल्यावर मिळाला. पुढे बारमध्ये ही उलटतपासणी ज्युनिअर मुलांना उदाहरण म्हणून सांगत. उवांचा खोटा प्रश्न टाकून खरं कसं बाहेर काढलं, म्हणत. मी कुणाची समजूत बिघडवली नाही.

अर्थात त्याने सगळं मिटलं नाही. दोन्ही घरं कोरडी, एवढंच ठरलं. मग जज्जसाहेबांनी उमाला आपल्या खोलीत बोलावलं. अशा वेळी वकिलांना बाहेर काढतात; लेकरांशी कसं बोलावं ते आम्हाला येत नाही, हा कोर्टाचा समज बरोबर आहे. बाहेर बाकावर एका टोकाला महानंदा, दुसऱ्या टोकाला अप्पा. मधे नानासाहेब आणि मी, दोघंही वर्तमानपत्रातलं हवामान वाचत. महानंदा माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती. दाराला खालून फट होती आणि तिच्यातून उमाच्या चपला दिसत होत्या. चपला हलायच्या तेव्हा ती श्वास घ्यायची.

निकालपत्रात एका वाक्यात आलं ते. मुलगी समजूतदार असून तिने असं सांगितलं, की पाणी आईकडेही नाही, पण आई आपल्या आंघोळीचं पाणी राखून तिचे केस धुवायची. ताबा आईला. बापानं दर दुसऱ्या रविवारी अहमदपूरच्या स्टँडवर भेटावं. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुलीची इच्छा असल्यास लातूरला न्यावं.

महानंदा कोर्टातून निघाली. उमाला घेऊन गिरणीत आली, हुसेनभाईंना सांगितलं, “चलता हाय.” आणि स्टँडवर गेली.

इथे खरं तर संपायला पाहिजे. पण काही महिन्यांनी गिरणीच्या जिन्यावर वजनदार पावलं वाजली. अप्पा. मी मनात म्हटलं, राहिलेला माल उचलायला आले. बसले, टेबलावरच्या पिठावर बोट फिरवलं.

“कागद दाखवायला आलात का?” मी विचारलं. “मला चालत न्हाई. मी त्यांच्या बाजूचा.”

“कागद न्हाईत.” त्यांनी बोटावरचं पीठ झटकलं. “रविवारी जाऊन राहिलो मी. येती. बोलती. पण लातूरला चल म्हणलं की म्हणती, केस वाढल्यावर येते. किती वाढल्यावर? तर इथवर.” त्यांनी आपल्या खांद्याखाली हात लावला. “साहेब, केस वाढायला किती दिवस लागतेत?”

कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. मी मागच्या खोलीकडे तोंड करून विचारलं.

बायको बाहेर आली. अप्पांकडे बघत राहिली. “तेल लावलं, पाणी मिळालं, तर लवकर,” म्हणाली. “आणि कात्री आसपास नसली तर.”

अप्पांनी मान डोलावली, व्यापाऱ्यानं भाव ऐकावा तशी. खाली उतरताना हुसेनभाईंनी कोट झटकून दिला त्यांचा. मला कधी दिला नाही.

त्या वर्षी मात्र पाऊस आला. दिवाळीला आम्ही नांदेडला चाललो होतो आणि अहमदपूरला आमची गाडी थांबली. समोर लातूरची गाडी लागलेली. महानंदा खाली उभी होती, हातात फिरकीचा तांब्या, आता रिकामा. अप्पा एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कंगवा धरून पायरीवर. आणि वर खिडकीत उमा. केस खांद्यापर्यंतही आले नव्हते. पण तिने अट सैल केली असावी. दोन बाजूंना दोन बोटभर शेंड्या आणि त्यांना शेंड्यांपेक्षा मोठ्या लाल रिबिनी.

“बघितलं का?” बायको म्हणाली.

“काय?”

“रिबिनी. एक कानावर, एक मानेवर. गाठी बघा कसल्या मारल्यात. हे महानंदाचं काम न्हाई.”

गाडी हलली. महानंदा खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि हात वर करून एक रिबीन नीट करायला गेली. मग तिने हात मागे घेतला. तशीच राहू दिली.